रिसायकल बिन रिकामा होत नाही? आधी आत काय आहे ते बघा



शाळेच्या संगणक कक्षात महिन्यातून एकदा तरी ऐकू येणारी तक्रार आज पाठाला घेऊ. रिसायकल बिनवर राइट क्लिक केलं, 'एम्प्टी रिसायकल बिन' निवडलं, खात्री विचारली तेव्हा 'येस' दाबलं, आणि डबा भरलेला तो भरलेलाच! कधी पट्टी अर्ध्यावर येऊन थांबते. कधी 'फाइल इन यूज' असा निरोप येतो. कधी 'रिसायकल बिन इज करप्टेड' अशी पाटी झळकते. आणि कधी संगणक काहीच बोलत नाही, चिन्ह मात्र कागदाच्या बोळ्यांसकट तसंच राहतं.

ही तक्रार येते कधी, तेही बघा. दहावीचे अर्ज भरायचे असतात, यू-डायसची माहिती चढवायची असते, मुलांच्या दाखल्यांचे स्कॅन ठेवायला जागा हवी असते आणि सी ड्राइव्हची पट्टी लाल झालेली असते. म्हणजे घाई असते. घाईत माणूस इंटरनेटवर सापडेल तो पहिला उपाय करून मोकळा होतो. त्या पहिल्या उपायात बऱ्याचदा एक अशी कमांड असते, जी आपला डबा रिकामा करतेच, पण त्याच संगणकावर काम करणाऱ्या बाकीच्या शिक्षकांचे डबेही कुणाला न विचारता रिकामे करते. एखाद्या मॅडमनी चुकून डिलीट केलेली सत्राची गुणयादी तिथं शेवटची शिल्लक असेल, तर तीही गेली. त्या कमांडपर्यंत आपण येणार आहोत, पण सगळ्यात शेवटी. त्याआधी डबा रिकामा का होत नाही ते समजून घेऊ. या पाठातली सगळी उदाहरणं विंडोज १० आणि ११ ची आहेत, कारण आपल्या शाळांत बहुतेक ठिकाणी तेच आहे.

डिलीट केल्यावर फाइल जाते कुठे?

डेड स्टॉक रजिस्टर शाळेतल्या सगळ्यांना माहीत आहे. बाक मोडला म्हणून आपण तो त्याच दिवशी जाळत नाही. तो वर्गातून उचलला जातो आणि अडगळीच्या खोलीत जातो. रजिस्टरवर त्याचा नंबर असतोच. निर्लेखनाचा आदेश आला की मग तो शाळेच्या हिशेबातून जातो. तोपर्यंत खोलीतली जागा तो अडवून बसतो. रिसायकल बिन म्हणजे ही अडगळीची खोली आणि 'एम्प्टी' म्हणजे निर्लेखन. फरक एवढाच, की बाक निदान वर्गातून खोलीत जातो. फाइल तर डिस्कवरच्या आपल्या जागेवरून हलतसुद्धा नाही. बदलतो तो फक्त तिचा पत्ता.

डेस्कटॉपवर चिन्ह एकच दिसतं, पण प्रत्यक्षात डबे अनेक असतात. सी, डी अशा प्रत्येक ड्राइव्हच्या मुळाशी एक लपवलेलं फोल्डर असतं. त्याचं नाव रिसायकल-टिंब-बिन, आणि नावाच्या सुरुवातीला डॉलरचं चिन्ह. त्याच्या आत त्या संगणकावरच्या प्रत्येक यूजर अकाउंटचं वेगळं उपफोल्डर असतं. त्याला माणसाचं नाव नसतं. एस-१-५-२१ असा सुरू होणारा एक लांबलचक आकडा असतो. तो त्या अकाउंटचा ओळख क्रमांक. आपण चिन्ह उघडतो तेव्हा विंडोज सगळ्या ड्राइव्हवरचे फक्त आपल्या क्रमांकाचे डबे एकत्र करून दाखवतं. दुसऱ्याचे डबे आपल्याला दिसत नाहीत.

आता आपल्या उपफोल्डरात काय असतं? डिलीट केलेल्या प्रत्येक वस्तूमागे दोन फाइल असतात. एकीच्या नावाची सुरुवात डॉलर आणि इंग्रजी आर या अक्षरानं. ही म्हणजे मूळ फाइल, फक्त नवं नाव घेतलेली. दुसरीची सुरुवात डॉलर आणि इंग्रजी आय या अक्षरानं. ही छोटीशी चिठ्ठी. ही वस्तू मुळात कुठे होती, किती मोठी होती, कधी डिलीट झाली हे या चिठ्ठीत लिहिलेलं असतं. 'रिस्टोर' म्हटल्यावर फाइल बरोबर आपल्या जुन्या फोल्डरात जाऊन बसते ती या चिठ्ठीमुळे. विंडोज एक्सपीच्या काळात सगळ्यांची मिळून एकच नोंदवही असायची. ती बिघडली की सगळाच गोंधळ. व्हिस्टापासून ही चिठ्ठ्यांची पद्धत आली.

एवढं लक्षात आलं की डबा अडून बसण्याची बहुतेक कारणं आपोआप उलगडतात. वस्तू कुणीतरी धरून ठेवलेली असते, किंवा तिचा पत्ता विंडोजला वाचता येत नाही, किंवा चिठ्ठी आणि वस्तू यांची फारकत झालेली असते, किंवा खोली आपली नसतेच.

रिकामा करण्याआधी दोन मिनिटं आत बघा

हे कुणीच करत नाही, म्हणून जरा ठासून सांगतो. रिसायकल बिन उघडा. वर 'व्ह्यू' मध्ये 'डिटेल्स' निवडा. आता प्रत्येक फाइलसमोर 'ओरिजिनल लोकेशन' आणि 'डेट डिलीटेड' असे रकाने दिसतील. तारखेच्या रकान्यावर क्लिक केलं की यादी तारखेप्रमाणे लागते. गेल्या आठवड्यात कुणी काय उडवलंय ते एका नजरेत कळतं. काही ओळखीचं, कामाचं दिसलं तर राइट क्लिक करून 'रिस्टोर' करा. फोल्डर असेल तर एक अडचण येते. डब्यात असताना ते उघडून आतलं बघता येत नाही, डबल क्लिक केलं तर नुसती 'प्रॉपर्टीज'ची खिडकी उघडते. शंका असेल तर रिस्टोर करून, उघडून बघा आणि नको असेल तर पुन्हा डिलीट करा. पाच मिनिटं जातील, जाऊ देत.

"पण सर, गेलेली फाइल सॉफ्टवेअर टाकून परत आणता येते ना?" हा प्रश्न मुलं हमखास विचारतात. याचं उत्तर संगणकात कुठली डिस्क आहे त्यावर अवलंबून आहे. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर डबा रिकामा केला तरी फक्त यादीतली नोंद 'ही जागा मोकळी' अशी होते. मजकूर त्या जागी नवीन काही लिहिलं जाईपर्यंत तसाच असतो, म्हणून लगेच थांबलं तर तो परत मिळण्याची आशा असते. एसएसडी असेल तर गोष्ट वेगळी. विंडोज ७ पासून 'ट्रिम' नावाची सूचना एसएसडीला जाते: या जागा आता लागणार नाहीत, पुसून ठेव. डिस्क आपल्या सवडीनं त्या खरोखर पुसते. त्यामुळे नव्या लॅपटॉपवर डबा रिकामा झाला की परतीचा रस्ता बहुधा बंद होतो. शाळेला मिळालेले नवे लॅपटॉप बहुधा एसएसडीचेच असतात, तेव्हा जुन्या पीसीवरच्या अनुभवावर विसंबू नका.

अडकलंय की नुसतं हळू चाललंय?

पुष्कळदा डबा अडकलेला नसतोच, तो हळूहळू रिकामा होत असतो. मोबाइलचा बॅकअप घेतलेलं व्हॉट्सॲपचं फोल्डर डिलीट केलं असेल तर त्यात शुभ सकाळची चित्रं धरून वीस-पंचवीस हजार फाइल सहज असतात. रिकामं करायला लागणारा वेळ फाइल किती मोठ्या आहेत यापेक्षा किती आहेत यावर ठरतो. दोन जीबीचा एकच व्हिडिओ क्षणात जातो, कारण एकच नोंद खोडायची असते. तेवढ्याच आकाराची वीस हजार चित्रं असतील तर वीस हजार नोंदी एकेक करून खोडाव्या लागतात, त्यात अँटिव्हायरस प्रत्येकीकडे डोकावणार. जुन्या पीसीवर अर्धा तास लागला तर नवल नाही. पट्टीखाली 'मोअर डिटेल्स' असतं, ते उघडा. 'आयटम्स रिमेनिंग' चा आकडा कमी होत असेल तर संगणकाला त्याचं काम करू द्या आणि आपण चहा घेऊन या.

आकडा दहा-पंधरा मिनिटं एकाच जागी ठप्प असेल, तर मात्र कुठलीतरी एक फाइल अडवून बसली आहे असं समजा.

ती एक फाइल शोधायची कशी?

गणिताच्या शिक्षकांना ही रीत आवडेल. डब्यात हजार वस्तू आहेत आणि त्यातली एक बिघडलेली आहे. एकेक डिलीट करत बसलो तर दिवस जाईल. त्याऐवजी निम्म्या निवडा आणि डिलीट करा. गेल्या? म्हणजे अडवणारी वस्तू उरलेल्या निम्म्यांत आहे. अडकल्या? म्हणजे याच निम्म्यांत आहे. ज्या निम्म्यांत ती आहे त्यांचे पुन्हा दोन भाग करा. हजाराचे पाचशे, पाचशेचे अडीचशे, असं करत गेलं तर जास्तीत जास्त दहा वेळांत एकच वस्तू हाती उरते, कारण २ चा दहावा घात १०२४ होतो. सातवी-आठवीच्या मुलांना घातांक शिकवताना हे उदाहरण जरूर द्या. पुस्तकातल्या बुद्धिबळाच्या पटावरच्या तांदळापेक्षा त्यांना हे जवळचं वाटतं.

मात्र डब्याच्या आत 'डिलीट' म्हणजे कायमचं डिलीट. म्हणून आधीची ती दोन मिनिटांची पाहणी झाल्याशिवाय ही अर्धे-अर्धे करण्याची रीत वापरू नका.

कुणी धरून ठेवलंय?

अडवणारी फाइल सापडली. आता ती का जात नाही? सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण म्हणजे कुठलातरी प्रोग्रॅम तिला धरून बसलेला असतो. पीडीएफ उघडण्याचा प्रोग्रॅम, व्हिडिओ प्लेअर, वनड्राइव्हसारखी आपोआप वर चढवणारी सेवा, तपासणी करत बसलेला अँटिव्हायरस, यांपैकी कुणीही. खिडकी बंद केली तरी प्रोग्रॅम मागे चालू राहिलेला असू शकतो.

पहिला उपाय संगणक 'रीस्टार्ट' करणं. इथं एक बारीक मुद्दा आहे. 'शट डाउन' करून पुन्हा चालू करणं आणि 'रीस्टार्ट' करणं एकच, असं सगळ्यांना वाटतं. तसं नाही. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली. ती चालू असेल तर शट डाउन करताना विंडोज आपल्या गाभ्याची आणि ड्रायव्हरची स्थिती डिस्कवर जपून ठेवतं आणि सकाळी तिथूनच पुढे सुरू होतं, म्हणजे सकाळी लवकर चालू झालेला संगणक पुरता झोपलेलाच नसतो! रीस्टार्टमध्ये मात्र सगळं नव्यानं सुरू होतं. म्हणून अडचण सोडवायची असेल तेव्हा रीस्टार्टच करा.

रीस्टार्ट केल्यावर, दुसरं काहीही न उघडता, आधी डबा रिकामा करून बघा. तरीही अडलं तर कोण धरून बसलंय ते बघता येतं. स्टार्टमध्ये 'रिसोर्स मॉनिटर' शोधा, 'सीपीयू' हा भाग उघडा, तिथं 'असोसिएटेड हँडल्स' समोर शोधण्याची चौकट आहे. तिच्यात इंग्रजीत 'रिसायकल' टाइप करा. डब्यातली फाइल धरून बसलेल्या प्रोग्रॅमचं नाव खाली येईल. फाइलचं मूळ नाव टाकून शोधू नका. डब्यात गेल्यावर तिचं नाव बदललेलं असतं, हे वर पाहिलं आहे. यादीत 'एक्सप्लोरर' चं नाव दिसलं तर घाबरू नका, फोल्डर दाखवणारा तो विंडोजचाच प्रोग्रॅम आहे. टास्क मॅनेजरमध्ये 'विंडोज एक्सप्लोरर' वर राइट क्लिक करून 'रीस्टार्ट' करा. पडदा क्षणभर कोरा होईल आणि परत येईल.

एवढ्यानंही नाही झालं तर 'सेफ मोड'. या अवस्थेत विंडोज अगदी गरजेपुरतं चालू होतं, बाहेरचे प्रोग्रॅम सुरूच होत नाहीत, म्हणून धरून बसणारं कुणी उरत नाही. शिफ्ट दाबून ठेवून 'रीस्टार्ट' म्हणा, मग 'ट्रबलशूट', 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स', 'स्टार्टअप सेटिंग्ज', 'रीस्टार्ट', आणि यादी आली की ४ दाबा. लॅपटॉपला बिटलॉकरचं कुलूप असेल तर या वाटेवर तो ४८ अंकी रिकव्हरी की मागतो. ती की तुमच्याजवळ किंवा शाळेच्या दप्तरी लिहिलेली आहे याची खात्री असेल तरच पुढे जा.

'कुठलीही फाइल डिलीट करून देतो' म्हणणारी फुकट सॉफ्टवेअर नेटवर ढिगानं मिळतात. माझं मत विचाराल तर शाळेच्या संगणकावर ती टाकू नका. एक फाइल घालवायला आणलेल्या पाहुण्याबरोबर चार जाहिरातवाले आत शिरतात, आणि मग त्यांना घालवणं हा वेगळा पाठ होतो.

मराठी नावांची एक खास अडचण

ही गोष्ट इंग्रजी लेखांत सापडत नाही, आपल्याकडे मात्र तिचा त्रास होतो. विंडोजमध्ये फाइलचा पूर्ण पत्ता, म्हणजे ड्राइव्हपासून सगळी फोल्डरं आणि फाइलचं नाव मिळून, साधारण २६० चिन्हांत बसावा अशी जुनी मर्यादा आहे. आता आपण फोल्डरला नाव देतो 'विद्यार्थ्यांची माहिती'. 'विद्यार्थ्यांची' या शब्दात आपल्या डोळ्याला अक्षरं दिसतात चार: वि, द्या, र्थ्यां, ची. संगणक मात्र वेलांटी, काना, अनुस्वार आणि प्रत्येक हलन्त वेगळा मोजतो. मोजून बघा, एकूण पंधरा होतात. 'शैक्षणिक वर्ष', त्यात 'इयत्ता दहावी', त्यात 'शिष्यवृत्ती प्रस्ताव', त्यात 'जातीचे दाखले व उत्पन्नाचे दाखले' अशी फोल्डरात फोल्डरं केली की मर्यादा बघता बघता संपते.

बहुतेक वेळा असं फोल्डर डिलीट करतानाच विंडोज सांगतं की नाव फार लांब आहे, डब्यात मावत नाही, कायमचं काढून टाकू का? तरी काही डब्यात पोचतात आणि तिथं अडतात, कारण डब्यातला पत्ताही काही लहान नाही. तो ओळख क्रमांकच चाळीसच्या वर चिन्हांचा असतो. उपाय सरळ आहे. फोल्डर रिस्टोर करा, बाहेरच्या फोल्डरापासून आत जात एकेकाचं नाव 'अ', 'ब' असं एका अक्षराचं करा, मग डिलीट करा. मराठी नावं देऊच नका असं मी म्हणणार नाही, जरूर द्या. नावं आटोपशीर ठेवा आणि फोल्डरात फोल्डर फार खोल नेऊ नका.

नावाच्या शेवटी टिंब किंवा रिकामी जागा असेल तरीही विंडोज गोंधळतं. दुसऱ्या प्रणालीवर तयार केलेली झिप फाइल उघडली की अशी नावं येतात. डिलीट करायला गेलं तर 'ही वस्तू सापडत नाही' असा निरोप येतो, आणि वस्तू समोर दिसत असते! यासाठी 'सेव्हन-झिप' हे मोफत आणि मुक्त सॉफ्टवेअर उपयोगी पडतं. फाइल आधी डब्यातून रिस्टोर करा, मग त्याच्या फाइल मॅनेजरमधून तिचं नाव बदला किंवा ती काढून टाका. (पूर्वी ईमेलवर एक निरोप फिरायचा: इंग्रजीत 'कॉन' नावाचं फोल्डर विंडोजमध्ये बनत नाही, आणि याचं कारण खुद्द मायक्रोसॉफ्टलाही सांगता आलं नाही म्हणे! कारण अगदी साधं आहे. डॉसच्या काळापासून हे नाव कन्सोलसाठी, म्हणजे कीबोर्ड आणि पडद्यासाठी, राखून ठेवलेलं आहे. प्रिंटरसाठीही अशीच राखीव नावं आहेत.)

डबा रिकामा, तरी जागा मिळत नाही

आता उलटी तक्रार. डबा रिकामा झाला, चिन्हही रिकामं दिसतंय, पण ड्राइव्ह भरलेलाच. इथं आठवा: आपल्याला फक्त आपला डबा दिसतो. कक्षातल्या एका पीसीवर मुख्याध्यापक, लिपिक, दोन शिक्षक आणि 'स्टुडंट' अशी पाच अकाउंट असतील तर पाच डबे आहेत. मुलांच्या डब्यात गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनाचे व्हिडिओ पडून असतील. ज्याच्या त्याच्या अकाउंटमध्ये जाऊन ज्याचा त्यानं डबा रिकामा करायचा, हाच सरळ मार्ग. बदली होऊन गेलेल्या शिक्षकांचं अकाउंट काढून टाकलं तरी डी ड्राइव्हवरचा त्यांचा डबा मागे राहू शकतो, आणि त्यात मुलांच्या आधार कार्डांचे, बँक पासबुकांचे स्कॅन असू शकतात. जागेपेक्षा मला याचीच काळजी जास्त वाटते.

पेन ड्राइव्हची तऱ्हा आणखी वेगळी. विंडोजमध्ये पेन ड्राइव्हवरची फाइल डिलीट केली की ती डब्यात जातच नाही, थेट जाते. शाळेच्या नेटवर्कवरच्या सामायिक फोल्डरातलीही तशीच जाते. परत मिळेल या भरवशावर तिथं कधीच डिलीट करू नका. मग पेन ड्राइव्ह भरलेला का राहतो? तो कधीतरी लिनक्सच्या किंवा ॲपलच्या संगणकाला लावलेला असेल. त्या दोन्ही प्रणाली पेन ड्राइव्हवरच एक लपलेलं 'ट्रॅश' फोल्डर करतात आणि डिलीट केलेलं त्यात ठेवतात. विंडोजला ते फोल्डर आपला डबा म्हणून ओळखू येत नाही. ज्या संगणकावर डिलीट केलं तिथंच पेन ड्राइव्ह पुन्हा लावून तिथला ट्रॅश रिकामा करा. किंवा विंडोजमध्ये 'व्ह्यू' मधून लपलेल्या फाइल दाखवायला सांगून ते फोल्डर डिलीट करा.

आणि पेन ड्राइव्हवर 'रिसायक्लर' नावाचं फोल्डर दिसलं तर सावध व्हा. पेन ड्राइव्हवर विंडोजचा डबा नसतो हे आत्ताच पाहिलं. मग हे कुठून आलं? २००८ मध्ये पसरलेला 'कॉन्फिकर' हा वर्म पेन ड्राइव्हवर नेमक्या याच नावाच्या फोल्डरात लपून बसायचा, कारण हे नाव बघून कुणाला संशय येत नाही. त्याच्यानंतर आलेल्या कितीतरींनी हीच युक्ती उचलली. असं फोल्डर उघडू नका, आधी पेन ड्राइव्ह अँटिव्हायरसनं तपासा.

'करप्टेड' म्हणजे काय, आणि ती शेवटची कमांड

लिहिता लिहिता वीज गेली, यूपीएसची बॅटरी केव्हाच मेलेली, संगणक धाडकन बंद. आपल्याकडे हे नवीन नाही. अशा वेळी एखादी नोंद अर्धवट राहते. चिठ्ठी आहे पण वस्तू नाही, किंवा वस्तू आहे पण चिठ्ठी नाही. मग विंडोज म्हणतं, रिसायकल बिन करप्टेड आहे, रिकामा करू का? आत बघून झालं असेल तर 'येस' म्हणा. कधी कधी एवढ्यावरच भागतं.

नाही भागलं तर आधी डिस्कची तब्येत बघा. 'धिस पीसी' मध्ये त्या ड्राइव्हवर राइट क्लिक, 'प्रॉपर्टीज', 'टूल्स', 'चेक'. चुका सापडल्या तर विंडोज दुरुस्तीची परवानगी मागेल. सी ड्राइव्ह असेल तर दुरुस्ती पुढच्या रीस्टार्टच्या वेळी करतो म्हणेल. पण डिस्कमधून टकटक आवाज येत असेल किंवा साध्या फाइल उघडायलाही ती मिनिटं घेत असेल, तर दुरुस्तीच्या मागे लागू नका. आधी महत्त्वाच्या फाइल दुसरीकडे कॉपी करा. मरणाऱ्या डिस्कला तपासणीचे कष्ट सोसवत नाहीत.

डिस्क ठणठणीत आहे, तरी डबा अडलेलाच, तर मग ती कमांड. ही त्या ड्राइव्हवरचं डब्याचं अख्खं फोल्डर उडवते, सगळ्या अकाउंटचं. विंडोज नंतर नवं फोल्डर आपणच तयार करतं. म्हणून आधी त्या पीसीवर काम करणाऱ्या प्रत्येकाला विचारा. स्टार्टमध्ये 'कमांड प्रॉम्प्ट' शोधून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' नं उघडा. विंडोज ११ मध्ये 'टर्मिनल' उघडलं तर आत बहुधा पॉवरशेल असतं, तिथं ही कमांड देऊ नका. पॉवरशेल डॉलरच्या चिन्हाचा अर्थ वेगळा लावतं. आता टाइप करायचं: आर डी, एक जागा, तिरकी रेघ आणि एस, एक जागा, तिरकी रेघ आणि क्यू, एक जागा, आणि त्यापुढे अगदी सलग, ड्राइव्हचं अक्षर, कोलन, उलटी तिरकी रेघ, डॉलर, रिसायकल, टिंब, बिन.

'सलग' हा शब्द पुन्हा वाचा. उलट्या रेघेनंतर चुकून एक जागा सुटली, तर विंडोज ते दोन वेगळे पत्ते समजतं: एक आख्खा ड्राइव्ह, आणि दुसरा डबा. 'क्यू' दिलेला असल्यामुळे ते खात्रीही विचारत नाही. डी ड्राइव्हवर शाळेचं दहा वर्षांचं दप्तर असेल तर ते एका स्पेसबारनं जाईल. म्हणून एन्टर दाबण्यापूर्वी शेजारच्या माणसाला ती ओळ मोठ्यानं वाचायला सांगा, आणि ही कमांड मुलांच्या हाती देऊ नका.

याच कामाचा एक सौम्य मार्गही आहे, आणि कमांडआधी तो वापरून बघायला हरकत नाही: 'सेटिंग्ज', 'सिस्टिम', 'स्टोरेज', 'टेम्पररी फाइल्स'. तिथं फक्त रिसायकल बिनसमोर खूण ठेवून 'रिमूव्ह फाइल्स' म्हणा. त्याच यादीत 'डाउनलोड्स' ही असतं. त्याच्यासमोर खूण नाही ना, हे बघून घ्या. आपल्यापैकी निम्म्यांची सगळी परिपत्रकं आणि गुणयाद्या डाउनलोड्समध्येच राहतात. शेजारच्या 'स्टोरेज सेन्स' मध्ये डबा ठरावीक दिवसांनी आपोआप रिकामा करायची सोय आहे: १, १४, ३० किंवा ६० दिवस. संगणक कक्षासाठी ३० ठीक वाटतात, कार्यालयातल्या पीसीवर मात्र मी ६० ठेवीन. लिपिकांना मार्चमध्ये उडवलेली फाइल मेमध्ये आठवते.

करून बघा

संगणक कक्षात हा प्रयोग दोघादोघांच्या गटांत घ्या. एक साधी वर्ड फाइल तयार करून डिलीट करा आणि डब्यात तिची मूळ जागा आणि डिलीट झाल्याची वेळ वहीत लिहा. तीच फाइल रिस्टोर करून पेन ड्राइव्हवर कॉपी करा, पेन ड्राइव्हवरची प्रत डिलीट करा आणि डब्यात ती सापडते का ते बघा. मग आपल्या शाळेचं पूर्ण नाव देवनागरीत लिहून संगणकाच्या हिशेबानं त्यात किती चिन्हं होतात ते मोजा, काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि हलन्त धरून. ज्या गटाचं उत्तर बरोबर येईल, त्यानं फळ्यावर 'क्षत्रिय' मोजून दाखवावं.